आपल्याच रूपाला हसताना

वऱ्हाडी बोलीत 'ळ' फारसा टिकत नाही. त्याचा 'य' होतो. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते आणि काळा माणूस 'काया' होतो. संस्कृतज्ञांना मौज वाटावी अशी ही गोष्ट आहे. ज्या शब्दाने साऱ्या शरीराचा निर्देश व्हावयाचा, तोच शब्द अमरावती-अकोल्याकडे शरीराच्या रंगाला जाऊन चिकटला आहे! या प्रदेशात जमिनीचा काळेपणा हा तिचा थोर गुण समजला जातो. काळ्या मातीने कापूस पिकविला आणि कापसाने या दोन्ही शहरांच्या बाजारपेठा उभ्या केल्या. परंतु तोच काळेपणा घरातील मुलीच्या अंगी आला, की तो तिच्या वडिलांच्या काळजीचा विषय होतो. हा विरोध कोणाच्या ध्यानात येत नाही असे नाही. बोलून दाखविण्याची वेळ आली म्हणजे मात्र सारे स्तब्ध राहतात. काळी, ठेंगणी, जाड्या, दात्या, चकण्या ही नावे मुलांना प्रथम शत्रूकडून मिळत नाहीत. ती घरातच, बहुधा लाडाने, बहाल केली जातात आणि पुढे शाळेत, महाविद्यालयात व लग्नाच्या बैठकीत आपापले काम करीत राहतात.

अशा नावांना तोंड देण्याचे मार्ग पूर्वापार थोडेच. अमरावतीस श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 मध्ये झाली, आणि 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांचे प्रात्यक्षिक दाखविण्याइतकी त्या मंडळाची कीर्ती झाली. किरकोळ अंगाच्या मुलास त्याच्या पालकांनी आखाड्याचा रस्ता दाखवावा, हे या शहरात स्वाभाविकच होते. परंतु नाकाचा आखाडा नसतो, आणि वर्णाच्या जोर-बैठका काढता येत नाहीत. तेथे प्रसाधनांचा व्यापार पुढे सरसावतो. 1975 पासून घरोघरी गेलेल्या एका प्रसिद्ध मलमाने आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द 2020 मध्ये गाळला. डबीतील आश्वासनाचा सूर त्यामुळे कितीसा पालटला हा प्रश्न वेगळा. उरतो तो तिसरा मार्ग, हसण्याचा. तो सर्वांत स्वस्त आहे, आणि सर्वांत निसरडाही.

गेल्या काही वर्षांत या मार्गास एक नवी रंगभूमी लाभली आहे. तिला 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात. येथे पडदा नाही, वेषभूषा नाही, जोडीला दुसरे पात्र नाही. एकटा माणूस ध्वनिक्षेपक हाती घेऊन उभा राहतो आणि आपल्याविषयी बोलतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'भाडिपा'सारख्या मंडळींनी हा प्रकार मराठीत चांगलाच रुजविला. एकट्याने सभागृह हसविण्याची कला मात्र मराठी माणसास नवी नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' 1961 मध्ये एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात अर्धशतकाहून अधिक पात्रे वठविली. (त्या नावातील 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाची मंडळी; अकोलेकरांनी त्याचे श्रेय आपल्याकडे घेण्याचे कारण नाही.) नव्या प्रकारात फरक पडला तो इतकाच, की पात्रे गेली आणि सांगणारा स्वतः उरला. तो स्वतः उरला म्हटल्यावर त्याचे नाक, त्याचे पोट, त्याचे विरळ केस आणि त्याचा वर्ण हीच त्याची पहिली सामग्री झाली. रंगमंचावर पाऊल ठेवताच प्रेक्षकांची दृष्टी ज्यावर जाणार, त्याचा उल्लेख त्याने स्वतःच आधी करून टाकावयाचा, हा या कलेतील एक सर्रास संकेत आहे.

या संकेतामागे मनाचा एक साधा व्यवहार आहे. ज्याला आपल्या रूपाविषयी संकोच वाटतो, त्याची अशी खात्री झालेली असते की सारे जग आपल्या त्या एका वैगुण्याकडेच पाहत आहे. ही समजूत कितपत खरी, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच व त्यांचे सहकारी यांनी एका गमतीदार प्रयोगाने तपासले. तो 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यास एका गायकाचे मोठे चित्र असलेला, अंगावर घालण्यास लाज वाटेल असा सदरा घालावयास दिला व इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठविले. बाहेर आल्यावर त्याला विचारले, की सदऱ्यावरील चित्र कोणाचे हे किती जणांनी ओळखले असेल? सदरा घालणाऱ्यांचा अदमास सुमारे निम्म्यांचा पडला. प्रत्यक्षात ज्यांना सांगता आले त्यांची संख्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास भरली. म्हणजे लोकांच्या ज्या नजरेने आपण होरपळतो, तिच्यापैकी निदान अर्धी आपणच निर्माण केलेली असते. प्रत्येक जण आपापल्या सदऱ्याच्या विवंचनेत असतो.

संकोची माणूस आपले वैगुण्य स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवितो, तेव्हा त्याच्या मनातला हा फुगलेला अदमास एकदम प्रत्यक्षाच्या कसोटीस लागतो. लोक हसतात आणि पुढच्या गोष्टीकडे वळतात. आकाश कोसळत नाही. दुसरा लाभ असा, की जो बाण दुसऱ्याच्या भात्यात होता, तो आता आपल्या हाती आला. 'टकल्या' म्हणून हाक मारणाऱ्याचा सारा आनंद समोरच्याच्या ओशाळण्यात असतो. समोरचाच टकलावर बोलू लागला, तर हाक मारणाऱ्यास करावयास काही उरत नाही.

येथवर सारे ठीक आहे, आणि या कलेचे चाहते बहुधा येथेच थांबतात. परंतु आपल्या रूपावर केलेला प्रत्येक विनोद सारखा नसतो. समजा, अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन चालू आहे आणि एक सावळा तरुण आपल्या बोलीत सांगू लागतो: "मी इतका काया हावो, का फोटो काढाले उभा राह्यलो तं फोटोवाला म्हणते, पयले लाइट लावा, मंग माणूस शोधा." हशा होतो. हा हशा कोणाला झाला? त्या तरुणाच्या कातडीला. फोटोवाल्याचे बोलणे त्याने तसेच्या तसे उचलले, त्यावर आपली सही केली आणि ते सभेस सादर केले. ज्यांनी त्याला आजवर हिणविले त्यांचे मत त्याने एका मताने वाढवून दिले, एवढेच.

आता तोच तरुण दुसरी गोष्ट सांगतो: "पोरगी पाहाले गेलो. पोरीची आत्या माह्याकडे पाह्यते अन् म्हणते, पोरगा उन्हातून आला वाट्टे, बसू द्या जरा, रंग उतरन. म्या म्हटलं, आत्याबाई, चार घंटे बसलो, दोनदा चहा झाला, रंग काई उतरला नाई. तुमचं तोंड मात्र उतरलं!" याही गोष्टीत वर्ण काळाच आहे, तो लपविलेला नाही, त्याची क्षमाही मागितलेली नाही. परंतु हशाचा रोख आता आत्याबाईंकडे, त्यांच्या चार तासांच्या आशेकडे वळला आहे. रंग हा उन्हाने चढतो व सावलीत उतरतो अशी ज्यांची सोयीची समजूत, ती समजूत हसण्याचा विषय झाली. सभागृहातील पुष्कळ जणींना आपापल्या घरच्या आत्याबाई आठवतात. मागच्या ओळीत बसलेल्या एखाद्या सावळ्या मुलीस त्या हशात मोकळेपणाने सामील होता येते. पहिल्या गोष्टीच्या वेळी तिने मान खाली घातली असती. या दोन हशांमधील अंतर हाच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. चेहरा दोहोंत तोच असतो. पहिल्या विनोदात पाहिले जाते ते हास्यास्पद ठरते, दुसऱ्यात पाहणारा हास्यास्पद ठरतो.

ही विभागणी प्राचीनांच्या अगदीच ध्यानात आली नव्हती असे म्हणता येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरस आत्मस्थ आणि परस्थ असा दोन प्रकारचा सांगितला आहे. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्यास हसवितो तो परस्थ. हसण्याच्या स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्याही तेथे लावल्या आहेत. परंतु त्याच ग्रंथात विदूषक कसा असावा हे सांगताना बुटका, दात पुढे आलेला, कुबडा, विद्रूप तोंडाचा, टक्कल पडलेला, पिंगट डोळ्यांचा अशी यादी येते. शरीरातील व्यंग ही हसविण्याची पात्रता ठरली! संस्कृत नाटककारांना सुबुद्धी अशी, की त्यांनी आपल्या विदूषकांच्या तोंडी बुद्धीची चमकही घातली. राजाला जे कोणी सांगू शकत नाही ते हा कुबडा सांगतो. तरीही प्रेक्षक त्याचे बोलणे ऐकण्याआधी त्याच्या दातांना हसून घेत असणार, यात संशय नाही.

याउलट लोकांच्या तोंडी असलेली अष्टावक्राची कथा पाहावी. आठ ठिकाणी वाकलेले शरीर घेऊन तो जनकाच्या सभेत येतो, आणि पंडित हसू लागतात. मग अष्टावक्र स्वतः त्यांच्याहून मोठ्याने हसतो. राजा कारण विचारतो तेव्हा तो म्हणतो, की येथे विद्वान बसले आहेत असे ऐकून आलो होतो. पाहतो तो सारी कातड्याची पारख करणारी मंडळी! त्या सभेत वक्रता कोणाच्या अंगी आहे हा प्रश्न त्या एका हसण्याने उलटा झाला.

ग्रीस देशात सॉक्रेटिसाने तर हा उलटा प्रश्न भोजनप्रसंगी तर्कशास्त्राच्या थाटात मांडला, असे झेनोफनच्या 'सिंपोझियम' या ग्रंथात वर्णन आहे. देखण्या क्रिटोब्यूलसाशी त्याची सौंदर्याची पैज लागते. जी वस्तू आपले काम उत्तम करते ती सुंदर, एवढे तो प्रतिपक्षाकडून कबूल करून घेतो आणि मग आपल्या कुरूपतेचे एकेक अंग पुढे करतो. बाहेर आलेले डोळे श्रेष्ठ, कारण त्यांना समोरचेच नव्हे तर बाजूचेही दिसते. बसके नाक श्रेष्ठ, कारण ते दोन डोळ्यांमध्ये भिंत घालीत नाही आणि वर वळलेल्या नाकपुड्यांना सर्व दिशांचे वास येतात. मतदान झाले तेव्हा एकूण एक मते क्रिटोब्यूलसास पडली. सॉक्रेटिसाने त्यावरही पंचांच्या लाचखाऊपणाविषयी थट्टा केली! पैज तो हरला खरा. परंतु सौंदर्याची व्याख्या त्या मेजवानीत थोडी हलली.

वऱ्हाडात या विद्येचे आधुनिक घराणे कोणते, असे विचारल्यास श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे नाव प्रथम घ्यावे लागते. 1871 मध्ये नागपुरास जन्मलेले, अकोल्यास शाळा शिकलेले आणि पुढे अकोला, खामगाव, जळगाव-जामोद अशा ठिकाणी वकिली केलेले हे गृहस्थ मराठी विनोदी निबंधाचे जनक मानले जातात. त्यांचा 'साक्षीदार' हा पहिला विनोदी लेख 1902 मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त आला, आणि 'सुदाम्याचे पोहे' 1910 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीचा नाटकी विनोद बव्हंशी वेंधळेपणा, बोबडेपणा आणि अंगविक्षेप यांवर पोसलेला होता. कोल्हटकरांनी सुदामा नावाचा एक भाबडा सनातनी उभा केला, त्याला बंडूनाना व पांडुतात्या हे दोन जोडीदार दिले, आणि साऱ्या फजित्या सुदाम्याकडून स्वतःच्याच तोंडाने सांगविल्या. सुदामा रूढीचे मंडन करावयास निघतो आणि मंडन करता करता रूढीची व आपली अशी दोघांची शोभा करून घेतो. वाचक प्रथम सुदाम्याला हसतो. चार पाने उलटल्यावर त्याच्या लक्षात येते, की सुदाम्याची समजूत ही आपल्याच माजघरातली आहे. 'मी मूर्ख आहे' असे म्हणणारे पात्र पुढे करून समाजाचा मूर्खपणा दाखवावयाचा, ही युक्ती या वऱ्हाडी वकिलाने मराठीस शिकविली. सावळ्या तरुणाच्या दुसऱ्या गोष्टीत हीच युक्ती आहे. सुदाम्याच्या हाती आता ध्वनिक्षेपक आला आहे, इतकेच.

गुरूची युक्ती शिष्यांना सर्वत्र साधली असे मात्र नाही. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. त्यांच्या बाळकरामाने ठकीच्या लग्नासाठी वर शोधण्याची जी मोहीम सांगितली, ती वाचून महाराष्ट्राच्या पिढ्या पोट धरून हसल्या, आणि वरपक्षाच्या देवघेवीची त्यात उडविलेली रेवडी आजही झोंबते. परंतु ती हकीकत बाळकरामाने सांगितली आहे. ठकीने सांगितली असती, तर ती कशी झाली असती, हा प्रश्न विचारणे म्हणजे गडकऱ्यांच्या प्रतिभेस उणे लेखणे नव्हे.

स्वतःचे व्यंग भांडवल म्हणून वापरणारे नट मराठीत झाले आहेत. दामुअण्णा मालवणकरांच्या तिरळ्या डोळ्याने बोलपटाचा प्रेक्षक पहिल्या दृश्यातच हसू लागे, चिं. वि. जोश्यांचा चिमणराव त्यांनी 1940 च्या 'लग्न पहावे करून' या बोलपटात वठविला. त्यांचे यश निव्वळ डोळ्याचे मात्र नव्हते. तिरळा डोळा हसवितो तो पहिली दोन मिनिटे. पुढचे दोन तास अभिनयाने भरावे लागतात.

पु. ल. देशपांड्यांच्या 'चाळी'तील 'उपास' हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. वजन उतरविण्याचा निश्चय केलेला एक स्थूल गृहस्थ आपली हकीकत सांगतो. तीत त्याच्या पोटावर फारसे विनोद नाहीत. विनोद आहेत ते चाळीतील प्रत्येक बिऱ्हाडाने दिलेल्या सल्ल्यांवर. भात सोडा म्हणणारा एक, साखर सोडा म्हणणारा दुसरा. ज्याला जे सोडवत नाही ते सोडून बाकी सारे सोडा असा प्रत्येकाचा उपदेश. स्थूल माणसाचे दुःख त्याच्या चरबीत थोडे आणि शेजाऱ्यांच्या हितोपदेशात फार असते, हे ज्यांना स्वानुभवाने ठाऊक आहे, त्यांना या प्रकरणात हसता हसता न्याय मिळाल्यासारखे वाटते.

वऱ्हाडी माणसाच्या बाबतीत रूपाच्या संकोचास आणखी एका संकोचाची जोड असते, ती बोलीच्या. पुण्या-मुंबईस गेलेला अमरावतीचा विद्यार्थी तोंड उघडेपर्यंत कोणी त्याकडे वळून पाहत नाही. 'मले', 'तुले', 'काहून' हे शब्द निघाले की भोवतालची मंडळी गालात हसतात. आवाज हाही एक चेहराच आहे. नभोवाणीवर तर तेवढा एकच असतो. या संकोचास वऱ्हाडात उत्तर मिळाले ते हास्यकविसंमेलनांतून. मिर्झा रफी अहमद बेग यांनी 'मिर्झा एक्सप्रेस' या नावाने गावोगावी वऱ्हाडी कवितेच्या मैफली केल्या. आपल्या बोलीत आपल्याच शेतकऱ्याची, आपल्याच पुढाऱ्याची थट्टा ऐकावयास हजारोंनी लोक लोटत. अमरावती जिल्ह्यातून आलेले भरत गणेशपुरे 2014 मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते आपल्या बोलीचा कणही न घासता. देखणे रूप आणि प्रमाण उच्चार ही दोन प्रवेशपत्रे नसतानाही पडद्यावर जाता येते, हे त्यांच्यामुळे दर्यापूर-मूर्तिजापूरकडील पोरांना दिसले. वऱ्हाडी बोली ऐकून हसणारा पुणेकर पूर्वीही हसतच होता. परंतु केव्हा हसावयाचे हे आता बोलणारा ठरवितो.

तथापि या मार्गास निसरडा का म्हटले, हेही सांगणे भाग आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व त्यांचे सहकारी यांनी 2003 मध्ये विनोदाच्या सवयींचे चार प्रकार वेगळे केले. दोन सवयी माणसास तारक: इतरांशी स्नेह जोडणारा विनोद, आणि संकटात स्वतःस धीर देणारा विनोद. दोन मारक: इतरांना बोचणारा, आणि इतरांची मर्जी राखण्यासाठी स्वतःलाच तुडविणारा. या चौथ्या प्रकाराची ज्यांना सवय, त्यांच्यात खिन्नता व चिंता अधिक आणि स्वतःविषयीचा आदर कमी आढळला. दुसरा आणि चौथा हे प्रकार दुरून पाहणाऱ्यास जुळ्या भावंडांसारखे वाटतात, कारण दोहोंत माणूस स्वतःवरच बोलत असतो. वर्गात सर्वांना हसविणारा जाडा मुलगा घरी येऊन जेवणाचे ताट बाजूला सारतो, तेव्हा पालकांस उलगडा होत नाही. 'तो तर स्वतःच आपल्या पोटावर विनोद करतो' असे ते सांगतात. तो विनोद नव्हता, खंडणी होती. चिडवू नका, मीच चिडवून घेतो, असा तो तह होता.

व्यवसाय म्हणून ही कला करणाऱ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेतील फिलिस डिलर या पाच मुलांच्या आईने 1955 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका छोट्या नाइट क्लबात एकटीने उभे राहून हसविण्यास आरंभ केला. स्वतःच्या कुरूपतेवरील विनोद हे त्यांचे मुख्य अस्त्र. गंमत अशी, की त्यांचा बांधा सुरेख होता; तो दिसला तर विनोद लटका पडेल म्हणून त्या पोत्यासारखे घोळदार झगे घालीत. पुरुषांच्या त्या मक्तेदारीत स्त्रीला शिरावयाचे, तर आधी रूपाची जकात भरावी लागे! पुढे त्यांनी चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि त्याही लपविल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील हॅना गॅड्सबी यांनी 2018 मध्ये जगभर पाहिल्या गेलेल्या 'नॅनेट' या कार्यक्रमात तर सभेपुढेच जाहीर केले, की स्वतःस कमी लेखून हसविणे आपण यापुढे सोडीत आहोत. ज्याला समाजाने आधीच कडेला लोटले आहे, त्याने स्वतःची टवाळी केली तर ती नम्रता होत नाही, मानखंडना होते, असा त्यांचा युक्तिवाद. विनोद ऐन हशावर संपतो, आणि हशानंतर त्या माणसाचे काय झाले ते सांगावयाचे राहून जाते, हीही त्यांची तक्रार. ही तक्रार जड आहे, आणि ती विनोदकारानेच केली असल्यामुळे अधिक जड आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर तागडी आणखीच कलते. टक्कल पडलेला पुरुष स्वतःच्या टकलावर हसला, तर तो दिलदार ठरतो. त्याची नोकरी, त्याचे लग्न, त्याची बैठकीतील जागा यांस धक्का लागत नाही. सावळी मुलगी आपल्या वर्णावर हसली, तर ऐकणाऱ्या मावशीबाई ते वाक्य लक्षात ठेवतात आणि पुढच्या स्थळाच्या वेळी 'तीसुद्धा म्हणते' म्हणून उच्चारतात. म्हणून मुलींनी या प्रकाराकडे वळावयाचेच नाही असा अर्थ नव्हे. लग्नघरी विहिणींची थट्टा करणारी गाणी वऱ्हाडातील बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटली आहेत, आणि त्यांत विहिणीचा ताठा, तिचा मानपान, तिची खोड काढण्याची हौस यांची गत केलेली असते. पाहावयास आलेल्यांकडे पाहण्याची परंपरा त्यांच्या गाठी आहेच. कांद्यापोह्याच्या बशीमागून त्या बैठकीकडे पाहणाऱ्या मुलीने ती बैठक वर्णन केली, तर तिला सामग्रीची वाण पडणार नाही.

सुशिक्षित घरांतून एक समजूत फार दृढ आहे, की थट्टा सहन करावयास शिकणे हेच विनोदबुद्धीचे लक्षण. 'एवढे हसण्यावारी नेता येत नाही?' असे मुलास विचारले जाते. परंतु हसण्यावारी नेण्याचा अधिकार ज्याचे नाक त्याचा आहे. काकांनी आरंभ करावा आणि पुतण्याने हसून पावती द्यावी, यात पुतण्याच्या विनोदबुद्धीची कसोटी लागत नाही, काकांच्या लागते. मूल स्वतःहून आपल्या रूपावर काही बोलले तर ऐकणाऱ्याने जरा थांबून पाहावे, की त्या बोलण्यात काकांची नक्कल आहे की काकांचे चित्र. चित्र असेल तर मनमुराद हसावे, काकांनी सर्वांत मोठ्याने. नक्कल असेल, तर त्या दिवशी न हसणे बरे. मूल गोंधळेल, पण पुढच्या वेळी काही निराळे सांगेल.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनास करमणुकीचा कार्यक्रम म्हणणे औचित्यास सोडून होईल. तरी एकट्या माणसाने हजारोंपुढे उभे राहून, शुद्ध वऱ्हाडीत, प्रश्न विचारीत आणि हसवीत रात्र जागविण्याचा तो प्रकार या विषयातून वगळताही येत नाही. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर मातीचे गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. परक्या गावात पाऊल ठेवताच भिकारी म्हणून हिणविले जाण्याची पूर्ण सिद्धता त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. दिवसभर हा मनुष्य गाव झाडी; लोक त्याच्या ध्यानाला हसत. रात्री तोच मनुष्य कीर्तनास उभा राही, आपण अडाणी आहोत असे आरंभीच सांगून टाकी आणि मग समुदायास साधे साधे प्रश्न घाली: नवसाचे बकरे कोण खाते, कर्ज काढून लग्न कोणासाठी, दगडास तूप चोपडून घरातल्या पोरास कोरडी भाकर का. उत्तरे लोकच देत, आणि उत्तर देता देता आपणच काय बोलून बसलो हे ध्यानी येऊन हसत. सकाळी चिंध्यांना हसलेले तोंड रात्री स्वतःच्या नवसाला हसे. 1956 च्या डिसेंबरात अमरावतीजवळ बाबांनी देह ठेवला. त्याआधी काही आठवडे, नोव्हेंबरात, मुंबईस वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले होते, आणि ते आजही ऐकावयास मिळते. त्यात गाडगे दिसत नाही, चिंध्या दिसत नाहीत, कानातली कवडी दिसत नाही. ऐकू येतो तो एक वऱ्हाडी आवाज, त्याचे प्रश्न, आणि त्यांना होकार भरणारा समुदाय.